किती गोड बोलतात!

३ नोव्हेंबर २०२५, सोमवार

सुट्टीनंतरचा पहिला दिवस. मुख्याध्यापक दवंगे सरांनी मधल्या सुट्टीत केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, नववी ‘ब’च्या निकालावरून ऐकून घ्यावं लागणार. तसं नव्हतं. संस्थेने सगळ्या शाळांना ‘डिजिटल नागरिकत्व’ सुरू करायला सांगितलंय. मोबाईल कसा वापरावा, तिथेही दुसऱ्याचा मान कसा राखावा, हे नुसतं एका तासाला शिकवून सोडायचं नाही, शाळेच्या अंगात मुरवायचं. ‘संस्कार म्हणून, आहेर मॅडम,’ सर म्हणाले. २० डिसेंबरला संस्थेची समिती बघायला येणार. समन्वयक मी.

कॉम्प्युटरचे राकेश सर असताना मी कशाला, असं विचारलं. ‘राकेशला मशीन कळतं. तुम्हाला मुलं कळतात.’ आणि मी दारापर्यंत गेल्यावर, सहज आठवल्यासारखं, ‘जूनमध्ये पर्यवेक्षकपद रिकामं होतंय, मॅडम.’

बावीस वर्षं मराठी शिकवतेय. मुलं कळतात हे काही खोटं नाही.

स्टाफरूममध्ये राकेश सरांनी अभिनंदन केलं, पण नजर स्क्रीनवरून हलली नाही. या माणसाच्या पोटात काय असतं ते मला कधीच कळलेलं नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

नियम ठरले. मी आठ लिहिले होते, सर म्हणाले तीनच ठेवा, मुलांना पाठ होतील. पहिला, विचारल्याशिवाय कुणाचा फोटो किंवा व्हिडिओ काढायचा नाही, पाठवायचा नाही. दुसरा, समोर बोलणार नाही ते मोबाईलवर लिहायचं नाही. तिसरा, दुसऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय कुठे द्यायचं नाही. फलक रंगवायला दिलाय, जिन्याजवळ लावायचा.

मराठीच्या तासाला ‘माझे गाव’ यावर दोन-दोन मिनिटं बोलायला लावलं. दिशा पगारे नेहमीसारखी वकिली थाटात बोलली. सृष्टी खैरनार मात्र उठेचना. ही यंदा जूनमध्ये बागलाणातून, सटाण्याकडून आली. वडील इकडे मखमलाबादला पॉलिहाऊसमध्ये गुलाब करतात. इतकी गप्प पोर, की हजेरीला ‘हजर’सुद्धा म्हणत नाही, हात वर करते. मी हट्टाने उभी केली. ‘मना गाव बागलाणमा शे,’ तिने अहिराणीतच सुरुवात केली. ‘गावमा नदी शे.’ वर्ग हसला. हसू मलाही आलं, पण माझं कौतुकाचं. इतकं गोड वाटलं की मोबाईल काढून तिचं सगळं बोलणं टिपलं आणि ‘नववी ब पालक’ ग्रुपवर टाकून दिलं. खाली लिहिलं, ‘किती गोड बोलते ना आमची सृष्टी!’ तास संपायच्या आत चाळीसेक हसरे चेहरे आले.

बरं वाटलं. पोरीला जरा धीर येईल.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

परिपाठाला डिजिटल प्रतिज्ञा झाली. दवंगे सर वीस मिनिटं बोलले. मुलं उन्हात उभी होती, पण थंडीच्या दिवसांत ऊन बरंच वाटतं.

नंतर वर्गात दिशाने हात वर केला. ‘मॅडम, ही प्रतिज्ञा शिक्षकांनी पण घ्यायची का?’ सगळे खिदळले. मी म्हटलं, ‘आमची घेतलेलीच असते.’ ती बसली, पण बसताना शेजारच्या सृष्टीकडे बघितलं. या मुलीच्या साध्या प्रश्नालाही एक टोक असतं. लक्ष ठेवलं पाहिजे.

एक गंमत म्हणजे वर्गात अहिराणीचं खूळ आलंय. ‘बेल झाली शे!’ ‘डबा खाल्ला शे!’ जो तो वाक्याला ‘शे’ लावतोय. वर्गातला ओम तर मुलींच्या रांगेजवळून जाताना मुद्दाम मोठ्याने म्हणतो. शहरातल्या मुलांना बोलीची ओढ वाटायला लागली, हे माझ्याच उपक्रमाचं फळ. समितीला सांगण्यासारखं आहे. टिपून ठेवलं.

सृष्टी शेवटच्या बाकावर जाऊन बसलीय. दिशाही तिच्यासोबत मागे गेली. तिथे ऊन येतं म्हणून असेल.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

घडू नये ते घडलं. इन्स्टाग्रामवर कुणीतरी खातं काढलंय. नाव, ‘परवानगी घेतली का’. आपलाच पहिला नियम आपल्याच तोंडावर मारल्यासारखा.

दोन व्हिडिओ आहेत. एकात दवंगे सरांचं परिपाठाचं भाषण, त्यातलं फक्त ‘सायबर सिकुरटी’, पुन्हा पुन्हा. खाली पिवळ्या अक्षरांत, काळी कड देऊन, ‘किती गोड बोलतात ना आमचे सर!’ दुसऱ्यात राकेश सर. एका तासात ते अकरा वेळा ‘बेसिकली’ म्हणाले, ते अकराही ‘बेसिकली’ एकापुढे एक जोडलेत. खाली तेच वाक्य.

दवंगे सरांचा चेहरा लाल झाला होता. ‘समिती येण्याआधी माणूस सापडला पाहिजे, मॅडम. हे तुमचं खातं आहे.’ म्हणजे माझी जबाबदारी, असं म्हणायचं होतं त्यांना. तरी दचकले.

मला राकेश सरांचा संशय येतोय. इतकं सफाईने जोडकाम शाळेत दुसऱ्या कुणाला येणार? स्वतःचा व्हिडिओ टाकला की आपल्यावर कुणी बोट ठेवणार नाही, हेही त्यांनाच सुचेल. हे काम त्यांना मिळालं नाही, हा राग असणारच. आज स्टाफरूममध्ये सगळे संतापलेले, हे एकटे स्वतःचा व्हिडिओ बघून हसत होते. ‘बेसिकली, बरोबरच आहे त्यांचं,’ म्हणाले.

‘त्यांचं’ म्हणजे कुणाचं?

१९ नोव्हेंबर, बुधवार

राकेश सर मला काहीतरी सांगायला आले होते. ‘मॅडम, तुमच्या ग्रुपवरचा तो व्हिडिओ...’ इतकं बोलले. मी म्हटलं, ग्रुपचं नंतर, आधी या खात्याचं बघा. ‘बरं,’ म्हणून गेले. विषय बदलायला आले होते, हे उघड आहे.

२४ नोव्हेंबर, सोमवार

दवंगे सरांच्या संमतीने प्रत्येक वर्गात दोन ‘डिजिटल दूत’ नेमले. त्यांची नावं फक्त मला माहीत. कुणी नियम मोडताना दिसला की चिठ्ठी लिहून जिन्याखालच्या पेटीत टाकायची. पेटीची किल्ली माझ्याकडे.

एका दिवसात एकतीस चिठ्ठ्या! बऱ्याचशा फालतू. ‘आयुषने माझी पेन्सिल घेतली.’ एकात माझ्याच नववीतल्या दूताने लिहिलंय, ‘दिशा आणि सृष्टी डबा खाताना सारख्या कुजबुजतात. कोणी गेलं की गप्प होतात.’

सृष्टीचं सोडून द्या, ती काय कुजबुजणार? दिशा बोलत असणार आणि ती बिचारी ऐकत असणार. पण दिशा कशाबद्दल बोलते? ‘शिक्षकांनी पण घ्यायची का?’ हा प्रश्न आणि ‘परवानगी घेतली का’ हे नाव, दोन्हींचा सूर एकच आहे. आज तासाला मी मुद्दाम तिच्याकडे टक लावून बघितलं. तिनेही नजर खाली घेतली नाही.

राकेश सरांवरचा माझा संशय कमी झालाय असं नाही. दोघं मिळूनही असतील.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दुपारी मायचा फोन आला. अंबूबाई माझी माय, वय ऐंशी, गाव सोडायला तयार नाही. तिला मोबाईलवर ऐकू कमी येतं, म्हणून मी जिन्याखालच्या कोपऱ्यात जाऊन बोलले. एरवी मी तिच्याशीही शुद्ध बोलते. आज ती रडवेली होती, गुडघा धरलाय म्हणाली, तर माझ्या तोंडून आपसूक निघालं, ‘येसू व माय, येसू. आते शाळा शे ना.’ येते म्हटल्यावर ती लगेच शांत झाली.

कितीतरी वर्षांनी बोलले असं. डी.एड.ला नाशिकला आले तेव्हा होस्टेलच्या मुली माझ्या प्रत्येक वाक्यानंतर हसायच्या. सहा महिन्यांत मी बोली घासून काढली, तळाशी लागलेला भात काढतात तशी. आज शाळेत कुणालाच माहीत नाही मी कुठली ते. आहेर म्हटल्यावर काहींना अंदाज येतो, पण माझं बोलणं ऐकून विचारत नाहीत.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

खात्यावर नवा व्हिडिओ. मी आहे त्यात. माझी पाठ, माझी निळी साडी, जिन्याखालचा कोपरा. ‘येसू व माय, येसू. आते शाळा शे ना.’ खाली पिवळ्या अक्षरांत, ‘किती गोड बोलतात ना आमच्या मॅडम!’

स्टाफरूममध्ये शिरले तर बोलणं थांबलं. कुणीतरी म्हणालं, ‘मॅडम, किती छान, आम्हाला माहीतच नव्हतं.’ छान! मला तो हसण्याचा आवाज पंचवीस वर्षांनंतरही ओळखू येतो. माझं मायशी बोलणं चोरलंय कुणीतरी. असं करणाऱ्याला काय म्हणायचं? मला कुणी विचारलं होतं?

आता सोडणार नाही.

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळची शाळा. पहिल्याच तासाला दिशाचं दप्तर तपासलं. मोबाईल निघाला. शाळेत आणायला बंदी आहे. म्हणाली, आई ऑफिसमधून उशिरा येते, म्हणून बाळगते. केबिनमध्ये दवंगे सरांसमोर मोबाईल उघड म्हटलं.

‘मॅडम, तुम्ही मला विचारलं नाही.’

‘इथे विचारायचा प्रश्नच येत नाही.’

तिने स्वतः लॉक उघडला आणि मोबाईल माझ्या हातात न देता टेबलावर ठेवला. ते खातं त्यात नव्हतं. काढून टाकलं असणार. पण एक सापडलं. ‘गुलाब’ नावाच्या कुणाशी रोज बोलणं. काल दिशाने लिहिलंय, ‘बस कर आता.’ आणि उत्तर आलंय, ‘त्यांनी बस केलं का?’

‘गुलाब कोण?’ सरांनी विचारलं. मी तीनदा विचारलं. शेवटी म्हणाली, ‘तिसरा नियम, मॅडम. विचारल्याशिवाय नाव द्यायचं नाही.’

चौदा वर्षांच्या मुलीच्या मोबाईलमध्ये ‘गुलाब’ कोण असतो हे कळायला पर्यवेक्षक असावं लागत नाही. मुलगाच. मोठा असेल, बाहेरचा असेल. तो करतो आणि ही त्याला इथून पुरवते.

सगळं जुळलं. तरी जुळल्यावर वाटतं तसं हलकं वाटत नाहीये.

१ डिसेंबर, सोमवार

दिशाची आई पल्लवी पगारे आल्या होत्या. पंचायत समितीत क्लार्क आहेत. साडी व्यवस्थित, बोलणं मोजकं. खुर्चीत बसल्या बसल्या विचारलं, ‘पुरावा काय आहे, मॅडम?’

मी ‘बस कर आता’ आणि ‘त्यांनी बस केलं का?’ हे दोन मेसेज सांगितले.

‘तिचा मोबाईल तुम्ही कुणाला विचारून वाचलात?’

तेव्हा मी बोलायला नको होतं, पण बोलले. ‘ते राहू द्या. मुलगी कुण्या मुलाशी रोज बोलते, हे तुम्हाला माहीत आहे का?’

बाईंचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी लेकीकडे बघितलं. दिशाने पहिल्यांदाच मान खाली घातली. मला वाटलं, आता कबूल करेल. केलं नाही.

सरांनी निर्णय दिला, समिती येऊन जाईपर्यंत दिशाने घरी थांबायचं. मोबाईल शाळेच्या कपाटात. जाताना पल्लवीताईंनी मला नमस्कार केला नाही. लेकीचा हात मात्र इतका घट्ट धरला होता, की आधार देतायत की फरफटत नेतायत ते कळेना.

५ डिसेंबर, शुक्रवार

चार दिवस खातं शांत आहे. म्हणजे तीच होती. दवंगे सर खूश. फलक पुन्हा रंगवून घेतला.

सृष्टीही मंगळवारपासून आलेली नाही. थंडीने आजारी असेल. वर्ग कसा शांत शांत झालाय.

९ डिसेंबर, मंगळवार

खात्यावर नवीन आलंय. या वेळी व्हिडिओ नाही. काळा पडदा, त्यावर पिवळी अक्षरं, ‘दिशाने केलं नाही.’

दवंगे सर म्हणाले, साथीदार असणार. हो, तो ‘गुलाब’. दिशाचा मोबाईल कपाटात आहे, किल्ली सरांच्या खिशात, म्हणजे दुसरंच कुणीतरी. असंच आहे. असंच असलं पाहिजे.

पण मनात एक खडा टोचतोय. आतापर्यंत इतरांना हसणारा माणूस आज दुसऱ्या कुणासाठी का बोलला? चोर असं करतो का?

राकेश सरांकडे बघितलं, तर ते माझ्याकडेच बघत होते.

११ डिसेंबर, गुरुवार

आजचं नीट लिहायचं आहे, जसं झालं तसं.

सृष्टी आठ दिवसांवर गैरहजर. वर्गशिक्षिका म्हणून घरी जाणं भाग होतं. शाळा सुटल्यावर स्कूटीवर मखमलाबादच्या मळ्यात गेले. पॉलिहाऊसच्या बाजूलाच पत्र्याच्या दोन खोल्या. तिचे वडील निवृत्ती खैरनार वीस-वीस गुलाबांच्या जुड्या बांधत होते. मला बघून गडबडले, क्रेट पालथा घालून बसायला दिला.

‘पोरगी म्हनती पोट दुखतं. दवाखान्यात नेली, काय निघालं नाय म्याडम. मोबाईलवर मातर काम चालूच हाय तिचं. आमचा धंदाच ती पाहती. हे बघा ना.’

त्यांनी अभिमानाने स्वतःचा मोबाईल पुढे केला. गुलाबांचा व्हिडिओ होता. लाल, पिवळे, पांढरे, एकातून एक फुलत जाणारे, इतके सफाईने जोडलेले की पापणी लवू नये. खाली ‘ताजे गुलाब, मखमलाबाद’. अक्षरं पिवळी. काळी कड.

गुलाब. दिशाने मैत्रिणीचं नाव गुलाब म्हणून ठेवलं होतं. मी कुठला मुलगा उभा केला होता, आणि कुणाच्या आईसमोर!

‘सृष्टी, मॅडम उन्यात,’ त्यांनी हाक मारली आणि जुड्या घेऊन टेम्पोकडे गेले.

ती हातात कापलेली फुलं घेऊनच आली. मला बघून थांबली. पळाली नाही.

‘तूच ना?’ मी विचारलं.

हो नाही, नाहीही नाही. ‘दिशा कधी येणार शाळेत?’ एवढंच म्हणाली. सहा महिन्यांत ती आपणहून बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

‘तुला काही वाटलं होतं तर मला सांगायचं होतंस.’

‘मी तोंड उघडलं की सगळे हसतात.’

‘मी नव्हते हसले सृष्टी. मला गोड वाटलं होतं.’

‘मला पण तुमचं गोडच वाटलं, मॅडम.’

ती टोचून बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं. ती तसं बोलली नाही. फुलं खाली ठेवली आणि तिचा मोबाईल माझ्यासमोर धरला. तडा गेलेली काच. त्यात माझा व्हिडिओ होता, मी वर्गात काढलेला, पण आता त्याला मागे गाढवाचं ओरडणं जोडलेलं, तिच्या डोक्यावर टोपी चिकटवलेली. ‘सटाण्याहून आत्याने पाठवला. तिला कुणी पाठवला माहीत नाही. तिने विचारलं, ही तू शेस का.’

‘हा कुणी केला?’

‘माहीत नाही. पहिला तुमचा होता.’

बाहेर टेम्पो सुरू झाला. मग तिने विचारलं, ‘तुम्हाला येते ना आपली बोली. मग वर्ग हसला तेव्हा तुम्ही सांगितलं का नाही, की मला पण येते?’

किती गोड बोलते. माझंच वाक्य. तीन आठवडे ते पिवळ्या अक्षरांत वाचत होते आणि ओळखलं नाही. लिहिताना इतकं सहज लिहिलं होतं, की लक्षातच नव्हतं राहिलं.

निघताना विचारलं, ‘समितीसमोर काय सांगू?’ खरं म्हणजे तिला धीर द्यायला विचारलं होतं. तिने मात्र नीट विचार करून उत्तर दिलं.

‘माझं नाव सांगू नका. दिशाचं सांगा.’

१३ डिसेंबर, शनिवार

ग्रुपवरून तो व्हिडिओ काढायचा प्रयत्न केला. निघेना. राकेश सरांना विचारलं. ‘मॅडम, महिन्यापूर्वीचा आता सगळ्यांच्या मोबाईलमधून पुसता येत नाही. फक्त तुमच्यापुरता जाईल.’ मग म्हणाले, ‘मी त्या दिवशी हेच सांगायला आलो होतो. ओमच्या मित्रांनी त्या व्हिडिओचं काय केलंय ते मी बघितलं होतं. तुम्ही ऐकायला तयार नव्हता.’

ते पुन्हा का बोलले नाहीत, याचा राग आला. मग वाटलं, मी तरी कुणाचं ऐकत होते?

१५ डिसेंबर, सोमवार

दवंगे सरांना सांगितलं. दिशाने केलेलं नाही, मला आता नक्की माहीत आहे.

‘मग कुणी केलं?’

‘ते सांगणार नाही, सर. पण सुरुवात माझ्यामुळे झाली.’ व्हिडिओचं सगळं सांगितलं.

सर खुर्चीत मागे रेलले. बराच वेळ माझ्याकडे बघत होते, आणि मला जाणवलं की ही नजर मी ओळखते. दिशाकडे मी अशीच बघत होते. ‘मॅडम, तुमच्या व्हिडिओत तर तुमची नुसती पाठ आहे. तुम्हाला करणारा माहीत आहे, नाव सांगत नाही. माझ्या जागी तुम्ही असता तर काय समजला असता?’

‘मी केलं, असं म्हणायचंय का तुम्हाला?’

‘मी काही म्हणत नाही. शनिवारी समितीसमोर तुम्ही फक्त प्रतिज्ञा घ्या आणि खाली बसा. जूनचा विचार करा.’

बावीस वर्षं या माणसाबरोबर काम केलंय. कुणी आपल्यावर विश्वासच ठेवत नाही, तेव्हा खरं असूनही आवाज चोरासारखा निघतो. दिशाचा निघाला नव्हता. हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

२० डिसेंबर, शनिवार

हॉल भरला होता. समितीचे तिघं, पालक, आठवी ते दहावीची मुलं. पल्लवीताई शेवटच्या रांगेत, दिशा त्यांच्या शेजारी. मीच त्यांना फोन करून या म्हटलं होतं. त्या फक्त ‘बघते’ म्हणाल्या होत्या.

प्रतिज्ञा झाली. सर ‘धन्यवाद मॅडम’ म्हणत होते, तरी मी माईक सोडला नाही.

म्हटलं, जिन्याजवळ लावलेला पहिला नियम या शाळेत सर्वांत आधी मी मोडला, आणि तोही ज्या दिवशी लिहिला त्याच दिवशी. एका विद्यार्थिनीला न विचारता तिचा व्हिडिओ काढला, बावन्न घरांत पाठवला, आणि तिला धीर देतेय असं समजत राहिले. त्याचं पुढे काय झालं ते इथल्या बऱ्याच मोबाईलमध्ये आहे. दिशा पगारेने काहीही केलेलं नाही. तिचा मोबाईल मी वाचला, तो मला वाचायचा अधिकार नव्हता. तिच्याबद्दल तिच्या आईला जे सांगितलं ते खोटं होतं.

कुणीतरी पालक म्हणाले, ‘जाऊ द्या हो मॅडम, पोरं हसतातच.’

मग मी म्हटलं, ‘मना गाव बी बागलाणमाच शे.’

हशा झाला. डावीकडून उठला आणि पूर्ण हॉलमध्ये गेला. मी तो थांबेपर्यंत उभी राहिले. किती वेळ लागतो हसणं थांबायला! सगळ्यांत शेवटी हसायचा थांबला आणि आपण एकटेच हसत होतो हे ज्याला कळलं, तो ओम होता. तो लाल झाला. मला त्याचीही दया आली.

पल्लवीताई उठल्या. ‘हे लेखी द्या, मॅडम. मुलाचं म्हणालात ते पण खोडून द्या. वीस दिवस झाले, मी माझ्या पोरीशी नीट बोललेली नाही.’

‘देते.’

‘ग्रुपवर.’

‘हो, ग्रुपवर.’

समितीच्या बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. दवंगे सरांनी चहाला चला म्हटलं.

२२ डिसेंबर, सोमवार

सकाळी ग्रुपवर माफी टाकली. लिहायला दोन तास लागले. चौदा अंगठे आले, तीन हसरे चेहरे. पल्लवीताईंकडून काही नाही. फक्त दोन निळ्या खुणा.

खातं सापडत नाही. कुणी बंद केलं, मी विचारणार नाही.

२६ डिसेंबर, शुक्रवार

डिजिटल नागरिकत्व आता राकेश सर बघणार. चिठ्ठ्यांची पेटी पहिल्याच दिवशी काढली त्यांनी. पर्यवेक्षकपदाचं कुणी काही बोललं नाही, त्यावरून काय ते समजलं. वाईट वाटलं नाही असं लिहिणार होते, पण ही वही माझीच आहे, इथे खोटं कशाला? वाटलं.

‘शे’ अजून संपलेलं नाही. परवा आठवीच्या वर्गातून ऐकू आलं. मी आत गेले, बोली म्हणजे काय ते पंधरा मिनिटं समजावलं. ऐकत होते. माझी पाठ वळल्यावर काय, ते माहीत नाही.

३० डिसेंबर, मंगळवार

दिशा आठवडाभर येतेय. हजेरीला ‘हजर’ म्हणते आणि त्यापलीकडे माझ्याशी एक शब्द नाही. काल वऱ्हांड्यात समोरासमोर आलो. मी थांबले, ती बाजूने निघून गेली. तिचं बरोबर आहे. लेखी माफीने माझं मन मोकळं झालं असेल, तिचं कशाला होईल?

सृष्टी शेवटच्या बाकावरच आहे. आज वाचनाला तिची पाळी होती. ‘वाचतेस?’ असं विचारलं. ‘नाही, मॅडम,’ ती म्हणाली. बरं म्हटलं आणि पुढच्या मुलाला उठवलं.

मग मी बाकांच्या मधून मागे गेले. मी जवळ येताच दोघींचं बोलणं तुटलं. सृष्टीने वहीखाली कागद सरकवला. दिशाने त्यावर कोपर ठेवलं. कागदाचं एक टोक बाहेर राहिलं होतं, त्यावर निळ्या पेनने काहीतरी लिहिलेलं. माझं नाव असेल? मी वाकले असते तर वाचता आलं असतं. हातभर अंतर होतं. सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता, आणि सगळ्यांत जास्त त्या दोघी.

मी तशीच पुढे गेले, खिडकी लावली, आणि फळ्याकडे परत आले.

आता घरी बसून लिहितेय तरी तो कागद डोळ्यांसमोरून जात नाही. काय असेल त्यात?